काटा शून्यावर येईना

भोरला आमच्या कारखान्यात बारीक माप घ्यायचं डायल आलं ते पेंढा भरलेल्या लाकडी खोक्यातून, आणि खोकं उघडण्याआधी मालकांनी आम्हा सगळ्यांना साबणानं हात धुऊन यायला लावलं. आत निळ्या मखमलीत ते बसवलेलं होतं. रुपयाएवढी पांढरी तबकडी, तिच्यावर केसासारखा काटा, आणि खाली बारीक सळीसारखा पाय. पायाच्या टोकाला मोहरीएवढा पोलादी गोळा.

"हे विलायती आहे," मालक म्हणाले. "पुण्याच्या कारखान्यानं विश्वासावर दिलंय. लढाई संपेपर्यंत दुसरं मिळणार नाही. ज्याच्या हातून फुटेल त्यानं पुन्हा या दारात उभं राहू नये."

कारखाना म्हणजे नीरेच्या बाजूला, बाजारपेठेच्या मागं असलेली पत्र्याची एक शेड. लोखंड कातायचे दोन लेथ, एक ड्रिल आणि त्यांना पट्ट्यांनी फिरवणारं एक ऑईल इंजिन. लढाईच्या आधी आम्ही भाताच्या गिरण्यांचे शाफ्ट, उसाचे चरक, मोटारींचे धुरे असलं काम करायचो. लढाई लागली आणि पुण्याच्या एका कारखान्यानं आम्हाला पंपाच्या दांड्या करायला दिल्या. वीतभर लांबीच्या, अंगठ्यापेक्षा बारीक. हे पंप कुठल्या मुलखात जातात ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की दांडी फिरताना एका थाऊपेक्षा जास्त डुलता कामा नये. इंचाचे हजार भाग केले तर त्यातला एक, त्याला आम्ही थाऊ म्हणायचो. वहीचा साधा कागद तीन-चार थाऊ जाड भरतो.

मोठ्या लेथवर मिस्त्री असायचे. वय साठीला टेकलेलं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये पंचवीस वर्षं काढून ते भोरला परत आले होते, आणि मला लोखंडाला हात लावायला त्यांनीच शिकवलं होतं. मी वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीचा, मेंढरं-शेरडं पाळणाऱ्या घरातला. आमच्यात कुणी लेथ पाहिलाही नव्हता. डायल आलं तेव्हा मी चोविशीचा होतो आणि धाकटा लेथ एकट्यानं चालवत होतो.

मिस्त्री डायलशिवायच काम करत आले होते. बारीक दांडी कातताना किंचित वाकते. ती सरळ करायची तर आधी कुठली बाजू उंच आहे ते कळायला हवं. मिस्त्री दांडी फिरती ठेवून तिच्याजवळ खडू धरायचे. जिथं खडू लागला ती उंच बाजू. मग तांब्याच्या हातोडीनं एक टपली. पुन्हा खडू, पुन्हा टपली. शेवटी थाऊभर जाडीचा पतंगाचा कागद दांडी आणि हत्याराच्या टोकामध्ये सारून बघायचे आणि दांडी टोपलीत टाकायचे. त्यांच्या टोपलीतली दांडी परत आल्याचं मला आठवत नव्हतं.

मला इंग्रजी आकडे वाचता यायचे म्हणून डायल माझ्या ताब्यात आलं. मिस्त्रींनी केलेली दांडी मी दोन टोकांवर चढवायची, डायलचा पाय तिला टेकवायचा, तबकडी फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि दांडी हातानं सावकाश एक फेरा फिरवायची. काटा जितका हलेल तितकी दांडी डुलते. फेरा पुरा झाला की काटा शून्यावर परत यायचा, कारण पाय पुन्हा त्याच जागी आलेला असायचा. एका थाऊच्या आत असेल तर पास, नाहीतर आऊट, म्हणजे लाल खूण.

"म्हंजी आता माझी परीक्षा तू घेनार," मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले. हसत म्हणाले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

पहिला महिना बरा गेला. रोज एखाद-दुसरी दांडी आऊट निघायची. मिस्त्री म्हणायचे, पोलाद हलकं आलंय. मालकही तेच म्हणायचे.

आता माझी चूक सांगतो.

एका शनिवारी दुपारी कारखाना लवकर सुटला. डायलची पेटी कपाटात ठेवून किल्ली मालकांकडे द्यायची असा नियम होता. मालक सासवडला लग्नाला गेले होते आणि किल्ली माझ्याचकडे राहिली होती. मी पेटी पंच्यात गुंडाळली, पिशवीत घातली आणि वाडीची वाट धरली. का, ते अगदी साधं आहे. माझ्या बापाला वाटायचं की मी भोरात घण मारतो. चार लोकांत तो सांगायचा, "पोरगं लव्हाराकडं हाय." मला त्याला दाखवायचं होतं.

अर्ध्या दिवसाची चाल होती. रविवारी सकाळी बाप शेरडांच्या वाड्याच्या दगडी कुंपणापाशी करडांना पाला घालत होता, तेव्हा मी पेटी कुंपणावर ठेवून उघडली. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "किती वाजलं म्हनायचं?"

"हे वेळेचं घड्याळ न्हाई, आबा. केसाची जाडी मोजतं ह्ये."

"केसाची जाडी मोजून काय करत्यात?"

मी त्याचा एक केस मागितला. त्यानं डोक्याला हात लावून हसत एक पांढरा केस उपटून दिला. मी तो एका सपाट दगडावर धरला, डायलचा पाय हातानंच त्याच्यावर टेकवला. काटा सरकला. दोन-तीन खुणा सरकला. बापानं हाक मारून माझ्या आईला आणि चुलत्याला बोलावलं. "बगा," तो म्हणाला, "आपल्या पोराचं काम बगा." तसा आवाज मी त्याच्या तोंडून आधी ऐकला नव्हता.

मी डायल मखमलीत ठेवून झाकण लावलं, पेटी कुंपणावर ठेवली आणि आईनं दिलेला ताकाचा पेला घ्यायला वळलो. एक करडू पाल्यासाठी कुंपणावर उडी मारून चढलं. पेटी पलीकडे दगडावर पडली.

आवाज मोठा नव्हता. मी पेटी उघडली. काच शाबूत होती. काटा जागेवर होता. बोटानं पाय हलवला, काटा हलला. बाप विचारत होता, "मोडलं का रं? मोडलं का?" मी म्हणालो, "न्हाई, काय झालं न्हाई." भोरपर्यंतच्या वाटेवर मी पेटी चार वेळा उघडून पाहिली. चारही वेळा सगळं ठीक दिसलं.

सोमवारी मिस्त्रींच्या पहिल्या सहा दांड्यांतल्या चार आऊट निघाल्या.

मी पुन्हा पाहिल्या. दीड थाऊ, दोन थाऊ. लाल खूण केली. दुपारपर्यंत टोपलीत नऊ लाल दांड्या झाल्या आणि मालक येऊन उभे राहिले. त्यांनी एक दांडी उचलली, मिस्त्रींकडे पाहिलं, आणि ती खाली ठेवली.

मंगळवारी बाजार होता. शेडच्या मागं बैलगाड्यांची गर्दी, आरडाओरडा. त्या गोंधळात मी एक दांडी डायलवर चढवली आणि तिचा फेरा पुरा केला. काटा शून्यावर आला नाही. एक खूण अलीकडे थांबला. मी दुसरा फेरा दिला. आता तो दीड खूण अलीकडे होता. इंजिनाचा हादरा जमिनीतून यायचा आणि त्या हादऱ्यानं काटा कणाकणानं सरकत होता. दांडी डुलली असती तर काटा गेला असता आणि परत आला असता. हा जात होता आणि परत येत नव्हता.

मला त्याच क्षणी कळलं. आत कुठंतरी पाय सैल झाला होता. दगडावर पडला तेव्हाच झाला होता.

मी कुणाला सांगितलं नाही. मनाशी म्हणालो, उद्या सांगू. लढाईचा माल खराब करणाऱ्याला पोलीस नेतात असं बाजारात बोललं जायचं. आणि मालकांचं ते वाक्य, या दारात उभं राहू नये. मी लाल खुणा करत राहिलो. काही दांड्यांना पासही केलं. कुठली खरी, कुठली खोटी, मला काहीच सांगता येत नव्हतं, आणि तरी माझा हात थांबत नव्हता.

बुधवारपर्यंत लाल दांड्या त्रेचाळीस झाल्या. मालकांनी पुण्याला चिठ्ठी पाठवली होती. शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार होते. माल अडला तर काम दुसरीकडे जाणार होतं.

गुरुवारी सकाळी मालक मिस्त्रींच्या लेथपाशी गेले. इंजिन चालू होतं, म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

"मिस्त्री, तुम्ही दोन दिवस ड्रिलवर बसा. या लेथवर हा बसेल."

मिस्त्रींनी लेथचा पट्टा काढला. लेथ थांबला. त्यांनी फडक्यानं बेड पुसला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि फडकं माझ्या हातात दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि मला खोटं लिहायचं नाही, म्हणून हेही लिहितो. त्या मोठ्या लेथपुढं उभा राहिलो तेव्हा भीतीच्या खाली कुठंतरी मला बरं वाटलं होतं. तो लेथ मला हवा होता.

संध्याकाळी काम सुटल्यावर मी नदीवर हातपाय धुवायला गेलो. मिस्त्री आधीच पायरीवर बसले होते. पाणी कमी झालं होतं, धुणं वाळत घातलेल्या बायका घरी चालल्या होत्या. मिस्त्रींनी शेजारी हात ठेवून मला बसायची खूण केली.

"येक इचारू?"

"इचारा की, मिस्त्री."

"माझा हात गेला का रं?"

मी पाण्याकडे बघत राहिलो. "डायल तसं दाखवतंय."

"डायलचं न्हाई इचारत. ते लोखंड हाय. तुला इचारतोय म्या. सात वर्सं माझ्या हाताखाली हायेस."

अजूनही सांगता आलं असतं. तिथं आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "मला काय कळतंय, मिस्त्री. काटा दोन थाऊ जातोय, एवढंच दिसतंय."

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. "बरं," म्हणाले. "मग गेलाच आसंल." आणि पायऱ्या एकेक चाचपत वर गेले.

शुक्रवारी साहेब सकाळी नऊला यायचे होते. पेट्रोल मिळत नसल्यामुळं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढ आला की मध्येच बसायच्या. नऊ वाजले, दहा वाजले. मालक दारातून रस्त्यापर्यंत जाऊन येत होते. मी मोठ्या लेथवर दांडी लावली होती, पण हत्यार तिला लावायला हात धजत नव्हता. मिस्त्री ड्रिलपाशी स्टुलावर बसून होते, हात मांडीवर. साडेअकराला साहेब आले. धुळीनं माखलेले, किडकिडीत, डोक्यावर टोपी आणि खांद्याला खाकी पिशवी. पाणी प्याले आणि म्हणाले, "दाखवा."

मालकांनी लाल दांड्यांची टोपली पुढं ठेवली. "माणूस म्हातारा झालाय," मालक हळू आवाजात म्हणाले. "मी बदलला त्याला. यापुढं असं होणार नाही."

साहेबांनी आमच्या डायलकडे पाहिलंही नाही. पिशवीतून त्यांनी स्वतःचं डायल काढलं. टोपलीतली वरची दांडी चढवली. फेरा दिला. पुन्हा फेरा दिला.

"हिला काय झालंय?" ते म्हणाले. "ही पास आहे."

दुसरी चढवली. "हीपण पास आहे."

मालक वळून माझ्याकडे बघायला लागले. इंजिन बंद ठेवलं होतं, त्यामुळं शेडमध्ये इतकी शांतता होती की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू येत होती. मला वाटलं, अजून काहीतरी सांगता येईल. डायलचा स्टँड ढिला होता म्हणावं. हादरा होता म्हणावं.

"डायल पडलंय," मी म्हणालो. "माझ्या हातनं. गेल्या रविवारी. मी ते गावाला नेलं होतं."

मालक दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी त्यांना अडवलं नाही.

"कधी कळलं तुला, ते बिघडलंय म्हणून?" हे साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"व्हय."

मिस्त्री स्टुलावरून उठले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, पण ते माझ्याकडे नाही, टोपलीकडे बघत होते. "साहेब," ते म्हणाले, "सगळ्या बगा. दोन बगून सोडू नका. सगळ्या बगा."

साहेबांनी मान हलवली. मग पास केलेल्याही आणि लाल खुणेच्याही, सगळ्या दांड्या एकेक करून मोजायला घेतल्या. मी दांडी हातात द्यायची, साहेबांनी बघायची, मालकांनी बाजूला लावायची. पास, पास, पास. मिस्त्रींचा चेहरा उजळत चालला होता. त्यांनी कोपरीच्या बाहीनं कपाळ पुसलं. मलाही जरा श्वास घेता येऊ लागला. बारावी का तेरावी दांडी होती. साहेब थांबले. पुन्हा फेरा दिला.

"ही आऊट आहे. दोन थाऊ."

"तुमचा काटा परत येतो का शून्यावर?" मी विचारलं. मला विचारायचा हक्क नव्हता.

"येतो. हे बघ. जातो आणि येतो."

त्या टोपलीतल्या अकरा दांड्या खरोखरच आऊट निघाल्या. बत्तीस चांगल्या, अकरा वाईट. मी पास केलेल्यांमध्येही तीन वाईट होत्या. अकरावी आऊट दांडी निघाली तेव्हा मिस्त्री डायलपाशी आले. "मला बगू द्या," म्हणाले. साहेब बाजूला सरले. मिस्त्री वाकले, तबकडीवर नाक टेकेल इतके वाकले. साहेबांनी दांडी सावकाश फिरवली.

मिस्त्री म्हणाले, "काटा कुठाय?"

साहेबांनी फिरवायचं थांबवलं.

"काटा कुठाय ह्येच्यात?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. ते सरळ झाले. दोन्ही डोळे तळहातानं चोळले आणि दाराकडे, उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. मालकांनी त्यांचा दंड धरला.

खडूची खूण त्यांना दिसत नव्हती. किती दिवसांपासून, ते त्यांनाही सांगता आलं नाही. अंदाजानं टपली मारायचे, आणि तीस-बत्तीस वर्षांचा हात असल्यामुळं बहुतेक वेळा ती बरोबर बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

साहेबांनी आमचं डायल दुरुस्तीला नेलं. काम काढून घेतलं नाही. जाताना मला म्हणाले, "तू मंगळवारी बोलला असतास तर ह्यांच्या डोळ्यांचंही मंगळवारीच कळलं असतं." मालकांनी मला दोन महिने कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. मी वाडीवर गेलो. बापाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या करडाला त्या दिवशी मी बांदलं न्हवतं." एवढंच. तो दोष स्वतःकडे घेऊ बघत होता आणि ते मला मालकांनी थोबाडीत मारली त्यापेक्षा जड गेलं.

दोन महिन्यांनी मी परत आलो ते पुन्हा धाकट्या लेथवर. मोठ्या लेथवर मालकांनी पुण्याहून एक माणूस आणला होता. मिस्त्रींचं पुण्याला ऑपरेशन झालं होतं आणि जाड भिंगांचा चष्मा लावून ते माझ्याच लेथवर दुरुस्तीच्या कामांना बसत होते. बारीक काम त्यांनी आपण होऊन सोडलं होतं. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. हातोडी दे. पट्टा सरकव. मी एकदा माफी मागायला गेलो तर म्हणाले, "डायल पाडलंस त्येचं मला काय न्हाई. हत्यार हाय, पडतं. पन म्या पायरीवर बसून तुला इचारलं हुतं."

मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

चष्म्यानंही त्यांना जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवरच्या रेघा वाचता येत नसत. माप घेतलं की ते मायक्रोमीटर माझ्यापुढं धरायचे. "वाच." मी वाचायचो. मग ते उठून तेच मायक्रोमीटर मालकांपुढं धरायचे, आणि मालकांनी वाचलेला आकडा माझ्याशी जुळतो का ते माझ्या देखत बघायचे. रोज. पावसाळा गेला, भात कापणीला आलं, गिरण्यांचे शाफ्ट दुरुस्तीला यायला लागले, तरी हे चालूच होतं.

वेल्ह्याच्या एका भात गिरणीचा शाफ्ट आला होता त्या दिवशी त्यांनी माप घेतलं, मायक्रोमीटर माझ्यापुढं धरलं. मी आकडा वाचला. ते उठले. मालकांच्या टेबलाच्या दिशेनं चार पावलं गेले, मध्येच थांबले, आणि तसेच वळून लेथपाशी आले.

"पुन्यांदा वाच," म्हणाले.

मी पुन्हा वाचला.

"बरं," असं म्हणून त्यांनी लेथचा पट्टा चढवला.